यकृताचा रोगी आणि धमनीतला चुना

यकृताच्या रोग्याच्या पोटाचा सीटी स्कॅन काढला जातो, तेव्हा त्यात केवळ यकृत दिसत नाही. पाठीच्या मणक्यांना लागून खाली उतरणारी महाधमनीही दिसते, आणि तिच्या भिंतीत कॅल्शियम साचले असेल तर ते हाडासारखे पांढरे उठून दिसते. अहवालात मात्र यकृताविषयी दहा ओळी असतात आणि या पांढऱ्या ठिपक्यांविषयी पुष्कळदा एकही नसते. यात कुणाचा दुष्ट हेतू असतो असे नव्हे. विचारले यकृताचे, उत्तर दिले यकृताचे. परंतु माणसाचे शरीर रुग्णालयाच्या विभागांप्रमाणे वाटलेले नाही, आणि या वाटणीची किंमत कोण मोजतो, हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

‘फॅटी लिव्हर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नसून हृदय व रक्तवाहिन्यांचे रोग हे आहे. अशा रोग्यांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम अधिक आढळते. वय, मधुमेह, रक्तदाब व धूम्रपान यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा संबंध अनेक अभ्यासांत शिल्लक राहिला आहे. २०२३ साली या विकाराचे वैद्यकीय नावच बदलून ते चयापचयाच्या बिघाडाशी जोडण्यात आले. आपल्याकडे मात्र ‘यकृत बिघडले म्हणजे दारू’ हा समज अजून ठाण मांडून बसला आहे. दारूबंदीच्या सभा गाजवताना तो घट्ट करण्यास आपणही हातभार लावला, हे कबूल केले पाहिजे. थेंबालाही न शिवलेली बाई या लाजेपायी तपासणीला जाण्याचे टाळते.

धमनीतले हे कॅल्शियम म्हणजे नळात साचणारा क्षार नव्हे. धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि तेथे खनिज धरते. त्याला अटकाव करणारे ‘फेट्युइन-ए’ हे प्रथिन यकृतातच तयार होते, आणि सिऱ्होसिसमध्ये त्याचे प्रमाण घटते. तरीही यकृत बिघडले म्हणून धमनी कडक झाली, असा सरळ धागा काढता येत नाही. फॅटी लिव्हरमध्ये हेच प्रथिन पुष्कळदा वाढलेले असते. कॅल्शियम हा धोक्याचा साक्षीदार आहे. तोच गुन्हेगार आहे, असे सिद्ध झालेले नाही.

सिऱ्होसिसच्या रोग्याचा रक्तदाब व कोलेस्टेरॉल कमी असते, म्हणून त्याचे हृदय सुरक्षित, असे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या मानत आल्या. तो विश्वास आता टिकलेला नाही. १९९० साली अमेरिकेत आर्थर अगॅट्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयधमन्यांतले कॅल्शियम मोजण्याची पद्धत मांडली. प्रत्यारोपणापूर्वी हा अंक फार चढलेला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर हृदयाची गुंतागुंत अधिक होते, असे दिसून आले आहे. यकृताच्या आजाराची तीव्रता ठरवणाऱ्या ‘मेल्ड’ गणितात मात्र धमन्यांना स्थानच नाही.

येथेच सावध राहिले पाहिजे. आपल्या देशात यकृताचे बहुतेक प्रत्यारोपण घरातल्याच कुणाच्या तरी यकृताचा तुकडा घेऊन होते. ज्याच्यापाशी पैसा नाही आणि देण्याजोगे निरोगी माणूसही घरात नाही, तो आधीच दाराबाहेर उभा आहे. त्याच्यापुढे कॅल्शियमच्या अंकाचा आणखी एक उंबरठा घालणे सोपे. हृदयाची वेळीच तपासणी व उपचार करून त्याला शस्त्रक्रियेस योग्य करणे कष्टाचे. अंक वाढला म्हणून रोग्याला परत पाठवणाऱ्या शास्त्राला आम्ही शास्त्र म्हणणार नाही.

दुसरा धोका बाजाराचा. ‘कॅल्शियम तपासणी’ची पॅकेजे विकली जातात, आणि दरवर्षी ती करून घ्या असे सुचवले जाते. वस्तुतः स्टॅटिन गटातील औषधाने हृदयविकाराचा धोका घटतो, पण कॅल्शियमचा अंक किंचित वाढूही शकतो. पैसे भरून वारंवार किरणे अंगावर घेणाऱ्याला त्यातून मिळते ती विनाकारण धास्ती.

गरज आहे ती याहून स्वस्त गोष्टीची. पोटाचा स्कॅन झालेलाच आहे; महाधमनीविषयी एक ओळ लिहिण्यास नवे यंत्र लागत नाही. ती ओळ वाचून रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल पाहायचे आणि लागल्यास स्टॅटिन द्यायचे. ‘यकृताचा रोगी’ म्हणून हे औषध नाकारण्याची जुनी रीत फॅटी लिव्हरमध्ये व स्थिर सिऱ्होसिसमध्ये निराधार ठरली आहे. यकृत निकामी होत आलेल्यांच्या बाबतीत मात्र जपूनच चालावे लागते. ॲटोर्वास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. पाऊल योग्यच होते. पण ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीपर्यंत पोचले पाहिजे.

आपले जे कार्यकर्ते रुग्ण कल्याण समित्यांवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे : गेल्या महिन्यात येथे यकृताच्या रोग्यांचे किती स्कॅन झाले, किती अहवालांत धमनीचा उल्लेख आहे, आणि त्यांपैकी किती जणांना औषध मिळाले?