वाचले किती, आणि किती दिवस?

अमुक औषधाने शेकडो रोगी बरे झाले, अशी जाहिरात घेऊन दवाखान्यात येणारे बरेच असतात. मी त्यांना विचारतो, हे औषध न घेणारे किती बरे झाले? त्याचे उत्तर जाहिरातीत नसते.

क्षयरोगाचेच उदाहरण घ्या. १९४७ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा तुटवडा होता. ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाच्या योजनेनुसार १०७ रोग्यांचे दोन गट पाडले गेले. कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. ५५ जणांना इंजेक्शने व विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४, तर दुसऱ्यात १४ मृत्यू झाले.

मोजणी तिथेच थांबली असती, तर हे औषध एकटेच रामबाण ठरले असते. पण पाच वर्षांनी पाहिले, तेव्हा ५५ पैकी ३२ आणि ५२ पैकी ३५ रोगी दगावले होते. अनेकांच्या शरीरातील जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. म्हणूनच आज क्षयावर अनेक औषधे एकत्र देतात.

मोजणीत आणखी एक अडचण येते. कोणी गाव सोडतो, कोणी तपासणीला येईनासा होतो. त्याला जिवंत धरावे की मृत? १९५८ साली कॅप्लान व मायर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी यावरची रीत प्रसिद्ध केली. रोगी जितके महिने नजरेखाली होता, तितकेच महिने त्याला हिशेबात धरायचे. अशा रीतीने दोन्ही गटांचे आलेख शेजारी मांडले की फरक दिसतो. तो निव्वळ योगायोग असू शकेल का, हेही गणिताने तपासता येते.

जाहिरातवाले फक्त बरे झालेल्यांची पत्रे छापतात. जे गेले, ते पत्र लिहीत नाहीत. अशा जाहिरातींपायी क्षयाची औषधे अर्धवट सोडणारे, कर्करोगाचे ऑपरेशन लांबणीवर टाकणारे रोगी मी पाहिले आहेत. गेलेले महिने परत मिळत नाहीत.

तेव्हा वाचकहो, चार प्रश्न जरूर विचारा. एकूण किती जणांपैकी? कोणाशी तुलना करून? किती वर्षे पाहून? आणि मध्येच सोडून गेले त्यांचे काय? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर चालू असलेले उपचार मुळीच थांबवू नका.