विश्लेषण : नौदलाची नवी पुरवठा जहाजे वेळेत मिळतील का?

लाल समुद्रात हुथी बंडखोरांनी २०२३ च्या अखेरीस मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू केले आणि त्याची झळ निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष उत्पादकांपर्यंत पोहोचली. युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालू लागले. प्रवास लांबला, भाडे वाढले. त्या काळात भारतीय नौदलाने या सागरी क्षेत्रात दहाहून अधिक युद्धनौका तैनात केल्या. इतक्या दूर त्यांना टिकवून धरतात ती पुरवठा जहाजे.

ही जहाजे काय करतात?

इंधन, पाणी, शिधा, दारूगोळा आणि सुटे भाग ती भरसमुद्रात पोहोचवतात. दोन्ही जहाजे समान वेगाने शेजारी चालतात आणि मधल्या तारेवरून नळी टाकून इंधन भरले जाते. त्यामुळे युद्धनौकेला बंदरात परतावे लागत नाही. नौदलाचे ‘ज्योती’ १९९६ मध्ये रशियाकडून आले, ‘आदित्य’ २००० मध्ये कोलकात्यात पूर्ण झाले, तर ‘दीपक’ व ‘शक्ती’ २०११ मध्ये इटलीतून आली. सर्वांत जुन्या जहाजाची तिशी आली आहे.

सरकारचा निर्णय काय?

ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीच्या मंजुरीनंतर विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी पाच जहाजांसाठी सुमारे १९ हजार कोटींचा करार झाला. प्रत्येक जहाजाचे वजन ४४ हजार टनांच्या आसपास असेल. एप्रिल २०२४ मध्ये पोलाद कापणीने काम सुरू झाले. पाचपैकी दोन जहाजांची बांधणी लार्सन अँड टुब्रोकडे देण्यात आली. पहिले जहाज २०२७ च्या मध्यापासून अपेक्षित आहे.

शंका कशाची?

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४१ मध्ये उभारलेल्या या गोदीने पूर्वी ‘सिंधुकीर्ती’ पाणबुडीच्या दुरुस्तीला सुमारे नऊ वर्षे लावली होती. ‘आदित्य’चे जलावतरण १९९३ मध्ये झाले, पण सेवेत यायला सात वर्षे गेली. हा इतिहास पाहता परदेशी खरेदी सोपी वाटते. पण तिने गरज भागते, कसब मात्र परदेशातच राहते. म्हणून देशातच जहाजे बांधण्याचा निर्णय योग्य आहे. त्याला उशीर झाला, हेही तितकेच खरे.

पुढे काय हवे?

कारखान्याला दोन मागण्यांमधील रिकामा काळ किती जड जातो, हे मिग, सुखोई आणि आता तेजस बांधणाऱ्या ओझरला वेगळे सांगायला नको. हात रिकामे राहिले की कसबी माणूस पांगतो. सरकारने प्रत्येक जहाजाचे वेळापत्रक संसदेपुढे नियमित ठेवावे आणि पाचवे जहाज पाण्यात उतरण्यापूर्वी पुढची मागणी नोंदवावी. युद्धनौकांच्या जलावतरणाचे सोहळे होतात. पुरवठा जहाजाची आठवण मात्र टाकी रिकामी होऊ लागल्यावर येते, आणि तेव्हा नवे जहाज मागवून उपयोग नसतो.