रसायन शिवारात जाते, तपासणी फाटकावरच थांबते

रासायनिक उद्योगातील कामगारांच्या सुरक्षेची चर्चा निघाली की डोळ्यांसमोर धुराडी, टाक्या आणि शिरस्त्राण घातलेले कामगार येतात. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या तलमडुगु मंडलाचे नाव अशा चर्चेत कोणी घेत नाही. मराठी आणि तेलुगू शेजारी नांदणारा हा काळ्या मातीचा, कपाशीचा मुलूख. मात्र खरिपात पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरणारा येथील मजूर त्याच उद्योगाचे उत्पादन हाताळत असतो. तेही कारखान्यातील बंदिस्त यंत्रणेशिवाय, अनेकदा उघड्या हातांनी. कामगाराच्या आरोग्यतपासणीचा कायदा त्याच्यापर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न केवळ सीमाभागाचा नाही. कीटकनाशके आणि औषधे तयार करणाऱ्या गोव्यालाही तो तितकाच लागू आहे.

कायदा नाही, असे म्हणता येणार नाही. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. त्यातील ‘कलम ४१ क’नुसार अशा कामावर नेमण्यापूर्वी आणि काम सुरू असताना किमान वर्षातून एकदा कामगाराची वैद्यकीय तपासणी करणे, तसेच त्याच्या आरोग्याची नोंद ठेवणे हे मालकावर बंधनकारक करण्यात आले. कीटकनाशकांबाबत १९७१ च्या नियमावलीतील नियम ३७ तर आणखी नेमका आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट वर्गातील द्रव्यांशी संबंध येणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनएस्टरेज या विकराची पातळी ठरावीक मुदतीने मोजावी, असे तो सांगतो. नियमाच्या शब्दांत फवारणीचाही समावेश आहे. प्रत्यक्षात मात्र हा नियम नोंदवही, वैद्यकीय अधिकारी आणि निरीक्षक जिथे आहेत तिथेच, म्हणजे कारखान्याच्या फाटकापर्यंतच, पाळला जाण्याची शक्यता असते. शेतात मजुराचा मालक हा बहुधा दोन-चार एकरांचा शेतकरी असतो आणि पुष्कळदा मालक व मजूर एकच असतात. तिथे नोंदवही ठेवणार कोण आणि ती तपासणार कोण?

या पोकळीची किंमत पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली मोजावी लागली. त्या वर्षीच्या फवारणीच्या हंगामात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव, पुरुषभर वाढलेली दाट कपाशी, एकाच पंपात दोन-तीन कीटकनाशकांचे मिश्रण, दमट उष्मा आणि बारीक तुषार उडवणारे यंत्रचलित पंप अशी अनेक कारणे पुढे आली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकावरील बंदीची मागणी तेव्हा जोर धरू लागली. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राची बंदी येण्यास सप्टेंबर २०२३ उजाडावे लागले. एका द्रव्याचा निर्णय व्हायला सहा वर्षे लागली. मजुराच्या तपासणीचा निर्णय मात्र अद्याप कोणीही घेतलेला नाही.

या तपासणीचे मर्म समजून घेणे आवश्यक आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस द्रव्ये मज्जातंतूंचे संदेश थांबवणाऱ्या कोलिनएस्टरेजला निकामी करतात. घाम, लाळ, अंधुक दृष्टी, स्नायूंची थरथर आणि अखेर श्वास कोंडणे, ही त्याची लक्षणे. परंतु लक्षणे दिसण्यापूर्वीच रक्तातील पातळी घसरू लागते, आणि वेळीच काम थांबवले तर ती पुन्हा सावरते. अडचण अशी की निरोगी माणसांतही ही पातळी व्यक्तीगणिक वेगळी असते. म्हणून हंगामापूर्वीची पहिली मोजणी हाताशी नसेल, तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण जाते. बेशुद्ध मजुराला रुग्णालयात आणल्यावर केलेली चाचणी उपचारास मदत करते. संकट टाळण्याची वेळ मात्र तोवर टळलेली असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७४ पासून शेतात अशी विषारी द्रव्ये नियमितपणे हाताळणाऱ्या मजुरांसाठी वैद्यकीय देखरेख सुरू केली. मजुराची पातळी त्याच्या मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेली की मालकाला कामाच्या पद्धतीची चौकशी करावी लागते. गळका पंप, फाटके हातमोजे, मिश्रणाची चुकीची रीत असे दोष शोधावे लागतात. घसरण आणखी वाढली तर मजुराला त्या कामापासून दूर ठेवले जाते. या व्यवस्थेचा क्रम बोलका आहे. आकडा घसरल्यावर आधी जाब विचारला जातो तो कामाच्या जागेला.

आपल्याकडे नेमके याच्या उलट घडण्याची भीती असते. ‘तंदुरुस्त’ आणि ‘अपात्र’ अशा दोन शिक्क्यांपुरतीच तपासणी उरली, तर तिचे चाळणीत रूपांतर होते. दुबळा गळून पडतो, नवा भरती होतो आणि गळका पंप आहे तसाच राहतो. रोजंदारीवर किंवा मारलेल्या पंपांच्या संख्येवर मजुरी घेणाऱ्याला अपात्रतेचा शिक्का म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. मग तो डोकेदुखी लपवतो, मळमळ उन्हावर ढकलतो. बुडालेल्या मजुरीची भरपाई नसलेली तपासणी माणसाला आजार दडवायला शिकवते.

त्याच तेलंगणात, संगारेड्डी जिल्ह्यातील पाशमैलारम येथे ३० जून २०२५ रोजी सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात झालेल्या स्फोटाने दुसरा धडा दिला. चाळीसहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत परप्रांतांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. अनेक मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला आणि आत नेमके किती जण होते, याचा मेळ लागायला काही दिवस गेले. सुरक्षेची पहिली पायरी म्हणजे आत कोण आहे हे ठाऊक असणे. ज्याची नोंदच पक्की नाही, त्याच्या प्रकृतीची नोंद पक्की कशी असणार?

गोव्याने हे दूरचे दुःख समजू नये. खोर्लीत कृषिरसायनांचा कारखाना आहे, झुआरीनगरला खतांचा, तर वेर्णा परिसरात औषधनिर्मितीचे अनेक प्रकल्प. नोव्हेंबर २०२१ मध्ये झुआरीनगरच्या खत कारखान्यात देखभालीच्या कामादरम्यान झालेल्या स्फोटात तीन कामगार दगावले. कायम कामगाराच्या हाती आरोग्यपत्रिका असते. चार दिवसांच्या दुरुस्तीसाठी कंत्राटदारासोबत येणाऱ्याची तपासणी कोणी करायची, याचे उत्तर कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाने प्रत्येक प्रकल्पाकडून लेखी घ्यायला हवे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ठरावीक कामगारांना मोफत वार्षिक आरोग्यतपासणीचे आश्वासन दिले आहे. पण ही चौकट मुळात आस्थापनांसाठी आहे. कंत्राटी हात तिच्या कडेला उभे आहेत, तर फवारणीचा मजूर पूर्णपणे बाहेर.

उपाय अवाढव्य नाहीत. जूनमध्ये, फवारणीला तोंड लागण्यापूर्वी, तलमडुगुसारख्या मंडलांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नियमित फवारणी करणाऱ्यांच्या रक्ताची पहिली मोजणी करता येईल. अशा चाचणीची हाताळण्यास सोपी उपकरणे उपलब्ध आहेत. हंगामात ती पुन्हा करावी. पातळी घसरलेल्या मजुराला सक्तीच्या विश्रांतीच्या दिवसांची मजुरी मिळावी, आणि या खर्चातील वाटा विक्रीतून नफा मिळवणाऱ्या उत्पादकांनी उचलावा. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आरोग्य यंत्रणांनी ही नोंद परस्परांना द्यावी, कारण मजूर कामासाठी राज्याची सीमा पाहत नाही.

रसायनाचा डबा कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना त्यावर बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि विषारीपणा दर्शवणारा रंगीत त्रिकोण असतो. डब्याचा प्रवास शेवटच्या विक्रेत्यापर्यंत टिपता येतो. तो उघडणाऱ्या हातांची नोंदही तितक्याच काटेकोरपणे ठेवायची की नाही, एवढेच आता सरकारांनी ठरवायचे आहे.