विश्लेषण : मॅनेजर झालेल्या इंजिनीअरने कोडिंग सोडायचे का?

शुक्रवारी रात्री पुण्याहून जळगाव-धुळ्याकडे सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये लॅपटॉप उघडून बसलेला एखादा तरी इंजिनीअर दिसतोच. बांभोरी, शिरपूर, धुळ्याच्या कॉलेजांतून सात-आठ वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले-मुली आता टीम लीड, इंजिनीअरिंग मॅनेजर होऊ लागली आहेत. घरी बढतीचे पेढे वाटले जातात. इकडे दिवस मीटिंगमध्ये जातो आणि कोड रात्री लिहिला जातो.

पेच नेमका काय?

कोड लिहायला सलग तीन-चार तासांची शांतता लागते. मॅनेजरचा दिवस मात्र अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत कापलेला असतो. अमेरिकी प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी २००९ मध्ये हाच फरक मांडला होता. दुपारी मध्येच एक मीटिंग आली, की कोड लिहिणाऱ्याची अख्खी दुपार वाया जाते.

मॅनेजरशिवाय चालते का?

गूगलने २००२ मध्ये इंजिनीअरिंग विभागातील मॅनेजरपदे काढून पाहिली. प्रयोग काही महिनेच टिकला. खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या वादांपर्यंत सगळे थेट संस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागले. पुढे याच कंपनीच्या ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ अभ्यासात चांगल्या मॅनेजरचे आठ गुण सांगितले गेले. टीमला घडवणारा मार्गदर्शक असणे पहिले आणि तांत्रिक कौशल्य आठवे होते.

मग कोड सोडून द्यावा?

नाही. मेटाने २०२३ मध्ये पदांचे थर कमी करताना अनेक मॅनेजरना पुन्हा प्रत्यक्ष कामाकडे वळायला सांगितले. सवय तुटलेल्याला अशी वेळ जड जाते. शिवाय कोड न समजणारा मॅनेजर क्लायंटला भलत्याच तारखा देऊन बसतो.

प्रश्न कोणता कोड हाती घ्यायचा, हा आहे. ज्यावाचून रिलीज अडेल, ते काम मॅनेजरने स्वतःकडे ठेवू नये. त्याची मीटिंग लांबली, की सगळी टीम खोळंबते. सहकाऱ्यांचा कोड तपासणे, छोटे बग, नव्या कल्पनेचा कच्चा नमुना ही कामे त्याला झेपतात. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ च्या पुस्तकात सांगितलेले सूत्र इथे उपयोगी पडते : मॅनेजरचे उत्पादन म्हणजे त्याच्या टीमचे उत्पादन.

खरे दुखणे कुठे?

अनेक कंपन्यांत ठरावीक वर्षांनंतर पगार वाढवायचा तर मॅनेजर होण्यावाचून मार्ग उरत नाही. त्यामुळे उत्तम कोड लिहिणारा हातचा जातो आणि माणसे सांभाळण्याची आवड नसलेला मॅनेजर टीमच्या माथी बसतो. तज्ज्ञ इंजिनीअरला मॅनेजरइतकाच पगार आणि मान देणारी दुसरी वाट कंपन्यांनी ठेवायला हवी. बढती घेण्याआधी ती वाट आहे का आणि मॅनेजरपदावरून परत येता येते का, हे विचारण्यात संकोच नको.

घरच्यांनीही एक लक्षात घ्यावे. लग्नाच्या बायोडेटात ‘मॅनेजर’ भारदस्त वाटते. पण वयाच्या तिशीत मनापासून कोड लिहीत राहणे म्हणजे मागे पडणे नव्हे.