ओरखडा नाही म्हणजे संमती?

गेल्या रविवारी कोरपन्याला घरी होतो. जेवताना कुठल्याशा खटल्यावर बोलणं निघालं आणि एक चांगले शिकलेले नातेवाईक म्हणाले, "अंगावर साधा ओरखडा नाही, मग जबरदस्ती कशी?" मी काहीतरी पुटपुटलो आणि भात कालवत बसलो. तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आज लिहितोय.

हे वाक्य आपल्याच भागातून दिल्लीपर्यंत जाऊन आलंय. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंज पोलीस ठाणं. (गडचिरोली जिल्हा १९८२ ला वेगळा झाला, तेव्हा सगळं चंद्रपूरच.) चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मुलगी जबाब द्यायला गेलेली. घरचे बाहेर, ती आत. बाहेर येताच तिने सांगितलं की पोलिसाने बलात्कार केला.

१९७४ ला सेशन्स कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं. मुलगीच खोटारडी ठरली. १९७६ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, असं स्पष्ट म्हटलं. १९७८ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा दोघांना सोडलं. मुख्य आधार काय, तर अंगावर जखमा नाहीत!

आता कोणी म्हणेल, खालच्या कोर्टाने सोडलेल्याला वरच्याने सहजासहजी अडकवू नये. एकदम मान्य. पुराव्यातून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील तर सुटका कायम राहावी, हा नियम मलाही हवाय. उद्या पिंजऱ्यात मी असू शकतो. पण त्यातला 'वाजवी' हा शब्द गिळू नका. रात्री, बंद ठाण्यात, वर्दीसमोर एक पोर ओरबाडली गेली नाही म्हणून ती राजी होती, हा निष्कर्ष वाजवी? एरर लॉग रिकामा दिसला की आम्ही ज्युनिअरला पहिला प्रश्न विचारतो, लॉग लिहिला जाणार तरी होता का? इथे तो प्रश्न फक्त नागपूरने विचारला.

१९७९ ला उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले. १९८३ ला कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई 'संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टाने तेच गृहीत धरायचं. २०१३ ला आणखी स्पष्ट लिहिलं गेलं, की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही. त्या मुलीला यातलं काहीच मिळालं नाही. कायदा मागे जाऊन लागू होत नाही.

वरचं कोर्ट नेहमी चुकतं असं मात्र नाही. जानेवारी २०२१ मध्ये याच नागपूर खंडपीठाने, कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोखाली लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला. मुलगी बारा वर्षांची होती. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. म्हणजे शहाणपण कोर्टाच्या पायरीवर अवलंबून नाही. कुठल्या कसोटीवर निकाल लावला, ती कसोटी शोधा आणि तिच्यावर भांडा.

काका, ओरखड्याची कसोटी कायद्यातून कधीच गेली. आपल्या जेवणाच्या पाटावरून ती उठवणं राहिलंय. पुढच्या वेळी मी भात कालवत बसणार नाही.