घर विकायला काढण्यापूर्वी

मैत्रिणींनो, घर विकायचं ठरलं की आपण रंगरंगोटी करून घेतो, चार जणांच्या कानावर घालतो. कागदांचं विचारलं तर मात्र "ते ह्यांना ठाऊक" म्हणून मोकळ्या होतो. मग गिऱ्हाईक दारात आल्यावर ट्रंक उघडली जाते आणि सौदा तिथंच अडतो.

आपल्या वणीसारख्या गावात जुनं घर आजेसासऱ्यांच्या नावावर असतं, घरपट्टीची पावती थोरल्या दिरांच्या नावानं येते, आणि घर त्यांचंच असं सगळे धरून चालतात. पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा. मालकी सिद्ध करायला तो एकटा पुरत नाही. तेव्हा आधी एवढे कागद जमवा :

१. मूळ खरेदीखत, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र. नोंदवलेला दस्त हरवला असेल तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून त्याची नक्कल मिळते.

२. नमुना ८ चा ताजा उतारा. गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकही. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोननं मोजणी करून अशी पत्रकं दिली जात आहेत. प्लॉटवरचं घर असेल तर सातबारा, फेरफार, बिनशेतीचा हुकूम आणि मंजूर नकाशा.

३. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल यांच्या चालू पावत्या.

४. कर्ज काढलं असेल तर ते फिटल्याचा दाखला, आणि उताऱ्यावरचा बोजा उतरल्याची नोंद. कर्ज पुरतं फिटल्यावर बँकेनं ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

५. विकणाऱ्या प्रत्येकाचं आधार आणि पॅन कार्ड.

आता खरी गोष्ट सह्यांची. मूळ मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसनोंद लागते, आणि त्या नोंदीत मुलीही आल्याच. मृत्युपत्र न करता वडील गेले, तर त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, आई, मुलगे, मुली यांना सारखा वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, पण आधी लग्न झालेल्यांना तो नव्हता. २००५ च्या दुरुस्तीनं तो भेद गेला. वडील त्यापूर्वी वारले असले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या कायम राहतात.

म्हणजे सासरचं घर विकताना नणंदांच्या सह्या हव्यात, आणि माहेरचं विकताना आपली. नणंदेला ऐनवेळी "इथं फक्त सही कर" म्हणू नका. आधी बसून हिशोब सांगा. आपल्यापुढं हक्कसोडपत्र आलं तर तेही वाचल्याशिवाय सही करू नका. हक्क सोडायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण साडीचोळी घेऊन सही केली आणि मागून कळलं की काय सोडलं, असं व्हायला नको. दस्त एकदा नोंदवला की मागं फिरणं फार कठीण.

आणखी एक अडचण खास आपली. जुन्या कागदावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं! दोन्ही नावं एकाच बाईची, हे दाखवायला लग्नाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

इसाराची रक्कम चेकनं किंवा बँकेतूनच घ्या. घरजागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेतले तर तेवढाच दंड बसू शकतो. इसारपावती करण्याआधी सगळे कागद वकिलाला दाखवा. वकिलाची फी वाचवायला जाऊन व्यवहार कोर्टात अडकला, तर ती बचत भारीच महाग पडेल.

या आठवड्यात दुपारची कामं उरकली की ट्रंक उघडा. कोणत्या कागदावर कोणाचं नाव आहे, ते एका वहीत लिहून काढा. घर विकायचं नसलं तरीसुद्धा!