वेगाचे कौतुक

रॉक संगीताचे आमच्या पिढीतले चाहते एकत्र बसले की कधी ना कधी महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या आठवणी निघतात, आणि त्या निघाल्या की मात्रांची मोजदाद सुरू होते. जॉन मॅक्लॉफलिनची दोन दांड्यांची गिटार, बिली कॉबमचे ड्रम्स, विषम मात्रांचे हिशेब आणि तो वेग! १९७१चा ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ आम्ही पुण्यात शिकताना मित्राच्या खोलीवर ऐकला. कानठळ्या बसल्या. (वाद्यवृंदाचे नाव महाविष्णू, हे आमच्या आजीला पटले नसते.)

परंतु आमचे गाव शेळगाव. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते ती आमच्याच मुलखातून. बेलवाडीचे रिंगण पाहत आणि दिंड्यांतले मृदंग ऐकत आमचे कान घडले. रूपकाच्या सात आणि दीपचंदीच्या चौदा मात्रा ज्या देशात रोजच्या आहेत, तेथे विषम मात्रांचे नवल ते किती करावे? दिंडीतला जाणता मृदंगी आम्हांला आठवतो तो वेगळ्याच कारणासाठी. म्हाताऱ्या वारकऱ्याने चरण लांबवला की तो हात आखडता घेई. शब्द पुढे जाऊ देई, मग ठेका धरी. चालता चालता हे करणे सोपे नाही.

म्हणूनच मॅक्लॉफलिनने पुढे जे केले ते आम्हांला अधिक मोलाचे वाटते. १९७३च्या अखेरीस तो मूळ वाद्यवृंद मोडला. मग हा माणूस मांडी घालून बसला आणि तरफेच्या तारा बसवलेली साधी गिटार घेऊन वाजवू लागला. शेजारी माहीमचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम. हीच ‘शक्ती’. १९७५ साली एका अमेरिकन महाविद्यालयात झालेली त्यांची मैफल १९७६ मध्ये ध्वनिमुद्रिका म्हणून आली. वेग तीतही आहे, आणि भरपूर आहे. पण एकाने टाकलेला बोल दुसरा उचलतो, आणि तो उचलीपर्यंत पहिला थांबतो. तबला आणि घटम यांचे हिशेब निराळ्या परंपरांचे. ऐकल्यावाचून ते जुळलेच नसते.

डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. तेव्हा आमच्या वाचनात आलेल्या बहुतेक आठवणी बोटांच्या वेगाच्याच होत्या. कलावंताच्या स्मरणात चाहत्यांनी जे जपले, तेच पुढची मुले शिकतात.

परवा गावात भजन होते. पखवाजावर एक हुशार पोरगा, मोबाइलवर पाहून पाहून हात तयार केलेला. बुवांनी अभंग घेतला, दुसरा चरण आळवायला ते थांबले, आणि त्या मोकळ्या जागेत पोराने तुकड्यावर तुकडा ओतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनी चरण तसाच सोडला आणि पुढच्या कडव्यावर गेले.